जोडलंय म्हणतं, पण नेम लागत नाही: तारांगण सॉफ्टवेअर आणि माउंट यांचं जुळवताना

तारांगण सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर आकाश दाखवणारा स्टेलेरियमसारखा प्रोग्राम, आणि माउंट म्हणजे दुर्बीण पेलणारं, मोटरने फिरणारं यंत्र. आधी लक्षणं. तुमचं दुखणं यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते बघा. दोन ओळींत बसत असेल तर वरची आधी धरा.

- 'कनेक्ट' दाबलं की सॉफ्टवेअर थोडा वेळ घुटमळतं आणि एरर देतं. किंवा यादीत तुमचं पोर्टच दिसत नाही.
- जोडलं गेल्याचं दिसतं, आकाशात दुर्बिणीचं चिन्हही उमटतं, पण स्लूची, म्हणजे निवडलेल्या वस्तूकडे वळण्याची, आज्ञा दिली की माउंट ढिम्म.
- माउंट हलतं, पण भलतीकडे. कधी चक्क जमिनीकडे किंवा तिवईच्या पायाकडे.
- पडद्यावर चिन्ह बरोब्बर दीर्घिकेवर बसलंय, फोटोत मात्र दीर्घिका नाही. चूक लहान, पण रोज जवळपास तेवढीच.
- पूर्वेकडे सगळं झकास, याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडलं की बिनसतं.
- अर्धा तास छान चालतं आणि मधेच जोडणी तुटते.

ही सहाही लक्षणं मी माझ्या माउंटवर आणि ओळखीच्यांच्या माउंटवर इतक्या वेळा निस्तरली आहेत की आता फोनवरच पहिले तीन प्रश्न विचारते: घड्याळ किती वाजलेत म्हणतंय, पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे, आणि मागच्या वेळी माउंट बंद कसं केलंत?

तपासायला लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण खालची निम्मी तपासणी तिच्यावर उभी आहे. पडद्यावरचं दुर्बिणीचं चिन्ह म्हणजे दुर्बीण कुठे बघतेय ते नव्हे. माउंटला आपण कुठे बघतोय असं *वाटतं*, ते आहे. बहुतेक हौशी माउंटना डोळा नसतो. ती सुरुवातीची जागा गृहीत धरतात, तिथून मोटरची पावलं मोजतात आणि त्यावरून विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश, सांगतात. सुरुवात चुकली, घड्याळ चुकलं किंवा क्लच घसरला, तरी चिन्ह तितक्याच आत्मविश्वासाने तेजोमेघावर बसतं. आकाशाकडे खरोखर बघणारा या साखळीत एकच आहे, तुमचा कॅमेरा.

आणि साखळी अशी: तारांगण सॉफ्टवेअर, त्याखाली ड्रायव्हर, मग केबल किंवा वाय-फाय, मग माउंटमधला मोटर बोर्ड. कडी कुठली तुटली हे न शोधता जो तो स्टेलेरियम काढून पुन्हा टाकत बसतो. स्टेलेरियम बहुतेक वेळा निर्दोष असतं.

शक्यतो ही सगळी खटपट दिवसा, घरात, टेबलाशेजारी करा. दुर्बिणीची नळी उतरवा आणि काउंटरवेटही उतरवा. एकच उतरवलं तर तोल जातो. बाहेर दिवसा करायचीच असेल तर मुख्य दुर्बीण, शोधक आणि गायडर (ताऱ्याचा माग ठेवणारी छोटी दुर्बीण), तिन्हींवर झाकणं घट्ट लावा. भलतीकडे जाणारं माउंट वाटेत सूर्यावरून जाऊ शकतं. कॅमेरा तर जळेलच, पण कोणी नेमकं तेव्हा नेत्रिकेत डोकावलं तर डोळा जाईल.

पहिली दोन मिनिटं, फुकट

माउंट पार्क केलेलं, म्हणजे काम संपवून ठरलेल्या जागी थांबवलेलं, आहे का? पार्क अवस्थेतलं माउंट जोडलं जातं, चिन्ह दाखवतं आणि हलायला नकार देतं. 'अनपार्क' करा. "जोडलंय पण हलत नाही" अशा तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात आणि सांगणारा जरा ओशाळतो.

स्टेलेरियम वापरत असाल तर 'टेलिस्कोप कंट्रोल' हे प्लगइन नुसतं निवडून भागत नाही. 'लोड अ‍ॅट स्टार्टअप'वर खूण करून सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. स्लूची आज्ञा कंट्रोल आणि १ अशी असते, पण तो १ म्हणजे यादीतल्या पहिल्या क्रमांकाची दुर्बीण. तुम्ही प्रयोग करता करता दुसऱ्या क्रमांकावर नवी नोंद केली असेल तर कंट्रोल आणि २ दाबायला हवं. अर्धा तास कंट्रोल-१ बडवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होते.

पडद्यावरची वेळ आत्ताची आहे का तेही बघा. दुपारी बसून रात्रीचं नियोजन करताना आपण सॉफ्टवेअरमधली वेळ पुढे नेतो आणि तशीच विसरतो. मग पडद्यावर मृग नक्षत्र डोक्यावर असतं, प्रत्यक्षात ते अजून उगवलेलंही नसतं. माउंटला फक्त विषुवांश-क्रांती कळते, त्यामुळे ते इमानदारीत क्षितिजाखाली निघतं. स्टेलेरियममध्ये ८ ची कळ दाबली की वेळ 'आत्ता'वर येते.

साखळीचे दोन तुकडे करा

हीही फुकट तपासणी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांना एका भाषेत बोलायला लावणाऱ्या प्रणाली म्हणजे विंडोजवर अ‍ॅस्कॉम आणि लिनक्सवर इंडी; दोन्हींसोबत दुर्बिणीचा सिम्युलेटर मिळतो. खरं माउंट बाजूला ठेवा आणि तारांगण सॉफ्टवेअर सिम्युलेटरला जोडा. चिन्ह हललं, स्लू झालं, तर सॉफ्टवेअरची बाजू ठीक आहे.

मग उलटं करा. तारांगण सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून फक्त माउंटचा ड्रायव्हर उघडा आणि त्याच्याच पट्टीवरच्या चार दिशांच्या बटणांनी माउंट हलवून बघा. हललं तर केबल, वीज, बोर्ड सगळं जागच्या जागी आहे आणि घोळ वरच्या कडीत आहे. नाही हललं तर वरच्या सॉफ्टवेअरला हातही लावू नका, विजेच्या आणि केबलच्या भागाकडे चला. एवढ्या पाच मिनिटांत अर्धी साखळी संशयातून सुटते.

पोर्ट एक, मालक एक

सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. छायाचित्रणाच्या रात्री मात्र माउंटशी बोलायला चौघे टपलेले असतात: तारांगण सॉफ्टवेअर, फोटो घेणारं सॉफ्टवेअर, गायडिंगसाठी पीएचडी२, शिवाय एखादा ध्रुवीय जुळणीचा (माउंटचा अक्ष नेमका ध्रुवाकडे वळवण्याचा) प्रोग्राम. स्टेलेरियमला 'थेट सिरियल पोर्टवरून' जोडलंत की पोर्ट त्याच्या खिशात गेलं. बाकीच्यांना "पोर्ट उघडता येत नाही" एवढंच ऐकू येतं.

उपाय सरळ आहे. पोर्ट फक्त ड्रायव्हरच्या ताब्यात द्या आणि सगळ्या प्रोग्रामना त्याच एका ड्रायव्हरकडे पाठवा. ईक्यूमॉड किंवा जीएस सर्व्हरसारखे ड्रायव्हर एका वेळी अनेकांशी बोलू शकतात. तुमचा ड्रायव्हर एकालाच दाद देत असेल तर मधे अ‍ॅस्कॉमचा डिव्हाइस हब बसवा. इंडीमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे मुळातच सर्व्हर असतो आणि सगळे त्याच्याशी ७६२४ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात.

याच घरातलं एक भूत मला फार उशिरा सापडलं. एक प्रोग्राम 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडला आणि दुसरा साध्या अधिकारांनी, तर विंडोज त्यांना ड्रायव्हर वाटून घेऊ देत नाही. दुसऱ्याने जोडायचा प्रयत्न केला की एरर येते किंवा ड्रायव्हरची दुसरी प्रत उघडते, आणि तिला पोर्ट मिळत नाही. सगळे साध्या अधिकारांनी उघडा. कोणीतरी कुठेतरी "अ‍ॅडमिन म्हणून चालवा, सगळं सुटतं" असं सांगितलेलं असतं. इथे त्यानेच सगळं अडतं.

घड्याळ, तारीख, ठिकाण

भलतीकडे जाणाऱ्या माउंटचं हे पहिलं कारण. माउंटला तारा शोधायला नाक्षत्र वेळ (ताऱ्यांवरून मोजलेली वेळ) लागते आणि ती स्थानिक वेळ, तारीख आणि रेखांश यांवरून काढली जाते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांची चूक बरोबर १ अंशाची आणि १ मिनिटाची चूक १५ कलांची (६० कला म्हणजे १ अंश), अर्ध्या पूर्णचंद्राएवढी.

यातली गंमत अशी की चूक किती अंशांची आहे हे मोजलं तर कारण आपोआप कळतं. क्रांती बरोबर आणि फक्त विषुवांशाच्या दिशेने १५ अंश सरकलंय? उन्हाळी वेळेची खूण एका ठिकाणी लागली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. साडेसात अंश? अर्ध्या तासाच्या कालविभागातला तो अर्धा तास कोणीतरी गाळला आहे. १ अंशाच्या आसपास? तारीख एका दिवसाने चुकली असेल, कारण नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो आणि रोज जवळपास ४ मिनिटांचा फरक पडतो. जवळपास ३० अंश? महिना आणि दिवस यांची अदलाबदल बघा. स्काय-वॉचर माउंटसोबतच्या सिनस्कॅन या हातातल्या कंट्रोलरवर महिना आधी टाकायचा असतो, आणि आपला हात सवयीने दिवस आधी टाकतो. ३ एप्रिलच्या जागी ४ मार्च गेलं की ३० दिवसांचा फरक. आणि दुर्बीण आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला जात असेल तर रेखांशाचं पूर्व-पश्चिम उलटलं आहे किंवा सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली आहे.

हे नीट बघायचं तर माउंट कोणाच्या घड्याळावर चालतंय हे माहीत हवं. ड्रायव्हर थेट माउंटशी बोलत असेल तर संगणकाचं घड्याळ चालतं. मधे हातातला कंट्रोलर असेल तर त्याचं. बऱ्याच कंट्रोलरना बंद असताना वेळ धरून ठेवता येत नाही, दरवेळी ती टाकावी लागते. तारांगण सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, कंट्रोलर, तिघांतलं ठिकाण आणि वेळ शेजारी शेजारी ठेवून वाचा. मोकळ्या माळावर इंटरनेट नसतं, जुन्या लॅपटॉपचं घड्याळ महिन्याभरात दोन-तीन मिनिटं सहज सरकतं, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

सुरुवातीची जागा आणि शिळे सिंक

विषुववृत्तीय माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) सुरू होताना ड्रायव्हर असं धरून चालतो की काउंटरवेटचा दांडा सरळ खाली आहे आणि नळी ध्रुवाकडे आहे. काल रात्री काम संपल्यावर तुम्ही पार्क न करता नुसता स्विच बंद केला असेल, तर आज नळी पश्चिमेकडे कललेली असते आणि माउंटला मात्र आपण ध्रुवाकडे बघतोय असं वाटतं. पुढचं सगळं त्या चुकीवर रचलं जातं. तिवईला नळी आपटते ती बहुधा अशा रात्री.

क्लच सैल करून हाताने या सुरुवातीच्या, म्हणजे होम, जागेवर आणा, मग सुरू करा. दोन्ही अक्षांवर होम जागी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा असा लावा की त्याचे दोन भाग एकमेकांसमोर येतील. ही पट्टी पुढे आणखी एका तपासणीत लागणार आहे. आणि एकदा माउंट चालू झालं की क्लच सैल करून हाताने फिरवायचं नाही. अक्षांवर वेगळे एन्कोडर असलेली माउंट सोडली, तर बाकीच्यांची मोजणी तिथल्या तिथे खोटी ठरते.

सिंकचंही असंच. सिंक म्हणजे माउंटला "तू आत्ता इथे बघतोयस" असं सांगणं, आणि ते बिचारं विश्वास ठेवतं. एका थंड रात्री मी पुनर्वसूतल्या एका ताऱ्यावर सिंक केलं आणि पडद्यावर दुसरा निवडलेला होता. दोघांत साधारण साडेचार अंश अंतर आहे. त्या रात्री प्रत्येक वस्तू साडेचार अंशांनी हुकली आणि मी ध्रुवीय जुळणीला दोष देत बसले. ड्रायव्हरमध्ये साठलेले जुने सिंक पुसून टाका, विशेषतः माउंट जागेवरून हललं असेल तर. ईक्यूमॉडमध्ये प्रत्येक सिंक एक नवा बिंदू म्हणून साठवण्याची पद्धत असते; फोटोवरून जागा ओळखणार असाल तर ती बंद करून साध्या एका सरकवणुकीची पद्धत निवडा. दोन-तीन वाईट बिंदूंमुळे आकाशाचा एक कोपरा वाकडा होतो आणि दुसरा सरळ राहतो. असा दोष शोधताना डोकं फिरतं.

वीज

ट्रॅकिंग चालतं, पण वेगात स्लू करताना मोटर कण्हते, एक अक्ष अडकतो, कंट्रोलर पुन्हा सुरू होतो किंवा जोडणी तुटते. हे ऐकलं की मल्टीमीटर काढायचा. दोन्ही मोटर एकदम पळतात तेव्हा माउंट सर्वांत जास्त विद्युतप्रवाह ओढतं आणि बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतं. ३ अँपिअर प्रवाह आणि वायरीचा रोध अर्धा ओहम, की दीड व्होल्ट वाटेतच गेले. त्यात त्याच बॅटरीवर दव रोखणारे हीटर आणि कॅमेऱ्याचा कूलर असेल तर बघायलाच नको.

मोजमाप बॅटरीपाशी करून उपयोग नाही. माउंटच्या टोकाला, आणि स्लू चालू असतानाच करायचं. १२ व्होल्टवर चालणाऱ्या पुष्कळ माउंटची खालची मर्यादा ११ व्होल्टच्या आसपास असते. त्याखाली काटा जात असेल तर दोष सापडला. काही माउंटचा पॉवरचा दिवा व्होल्टेज कमी झालं की लुकलुकायला लागतो, तो बघायची सवय ठेवा. माउंटला स्वतंत्र पुरवठा, जाड आणि आखूड वायर, आणि सैल न होणारा प्लग, एवढं पुरतं. नवा अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी त्याची ध्रुवता माउंटवरच्या खुणेशी ताडून बघा. उलटी ध्रुवता बोर्ड मारते.

केबल, पोर्ट, वाय-फाय

पोर्ट दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून यूएसबी काढा आणि लावा. यादीत काहीच उगवत नसेल तर केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबल दिसायला अगदी तशाच असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतात. पिवळा त्रिकोण दिसला तर यूएसबी-सिरियल चिपचा ड्रायव्हर जमत नाहीये. काही चिपच्या नकला बाजारात आहेत आणि नवे ड्रायव्हर त्यांना नाकारतात. अशा केबलशी झगडत बसण्यापेक्षा चांगल्या चिपची केबल घ्या.

यूएसबीचं भोक बदललं की विंडोज बहुधा नवा कॉम क्रमांक देतं. ड्रायव्हरमध्ये कॉम ४ लिहिलेलं आणि केबल आज कॉम ७ झालेली, असं होतं. एकच भोक ठरवून त्यावर खूण करा.

जोडणीच्या वेगाचा आकडाही (बॉड रेट) जुळायला हवा. सिरियल जोडणी आणि ईक्यूडीआयआर केबलवर (संगणक थेट माउंटला जोडणारी केबल) सहसा ९६०० असतो. ज्या स्काय-वॉचर माउंटमध्ये यूएसबी आतच बसवलेलं आहे, उदाहरणार्थ ईक्यू६-आर, तिथे ईक्यूमॉडला ११५२०० सांगावं लागतं. हातातल्या कंट्रोलरमधून ईक्यूमॉड चालवायचं असेल तर कंट्रोलर आधी 'पीसी डायरेक्ट' मोडमध्ये न्यावा लागतो.

आता या लेखातली सर्वांत महाग चूक. माउंटवरचं कंट्रोलरचं भोक आणि कंट्रोलरवरचं संगणकाचं भोक ही दोन वेगळी भोकं आहेत, आणि त्यांवरची व्होल्टेजही वेगळी. जुन्या पद्धतीची आरएस-२३२ केबल उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत संकेत देते; माउंटचा बोर्ड तीन ते पाच व्होल्टची अपेक्षा करतो. ती केबल थेट माउंटमध्ये खुपसली तर बोर्ड जळू शकतो, आणि जळताना आवाजही होत नाही. थेट माउंटमध्ये फक्त त्या माउंटसाठी बनवलेली ईक्यूडीआयआर केबल लावायची. प्लग बसतो म्हणून केबल चालते असं नाही.

अर्ध्या तासाने तुटणाऱ्या जोडणीसाठी आधी विंडोजची वीजबचत बघा. यूएसबी हबच्या गुणधर्मांत "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशी खूण असते, ती काढा. पॉवर प्लॅनमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद करा. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपेक्षा लांब असेल तर मधे वीज मिळणारा हब हवा. आणि तुटण्याची वेळ नोंदवा: दरवेळी नळी एकाच दिशेला असतानाच तुटत असेल तर कुठलीतरी केबल ताणली जातेय.

वाय-फायबद्दल थोडक्यात. लॅपटॉप माउंटच्या जाळ्यात इंटरनेट नाही हे बघून गुपचूप दुसऱ्या ओळखीच्या जाळ्यावर उडी मारतो, तेव्हा 'आपोआप जोडा' बंद करा. सिनस्कॅन वाय-फाय स्वतःचं जाळं देत असेल तर माउंटचा पत्ता १९२.१६८.४.१ आणि यूडीपी पोर्ट ११८८० असतं. फायरवॉलने ते अडवलेलं नाही ना बघा. बघण्यासाठी वाय-फाय ठीक, रात्रभराच्या छायाचित्रणासाठी मी केबलच लावते.

लिनक्सवाल्यांसाठी: पोर्ट दिसतंय पण उघडत नाही, तर तुमचं खातं 'डायलआउट' गटात आहे का बघा, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत या.

ड्रायव्हर पुन्हा बसवणं

इथे यायची गरज क्वचितच पडते, म्हणून इतक्या खाली ठेवलंय. आधी अ‍ॅस्कॉमचा प्लॅटफॉर्म, मग माउंटचा ड्रायव्हर, मग बाकीचं, हा क्रम पाळा. काही जुने ड्रायव्हर फक्त ३२ बिटचे असतात आणि ६४ बिटच्या तारांगण सॉफ्टवेअरला ते यादीत दिसत नाहीत किंवा निवडले तर उघडत नाहीत. मधे हब घातला की बहुधा जमतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललंत ते कागदावर लिहा.

थोडक्यात हुकणारा नेम: जे२००० की आजचं

चौथं लक्षण, रोज तेवढीच छोटी चूक. संपातचलनामुळे ताऱ्यांचे विषुवांश-क्रांती सावकाश सरकत राहतात, वर्षाला सुमारे ५०.३ विकला (६० विकला म्हणजे १ कला). तारांगण सॉफ्टवेअर बरेचदा २००० सालच्या चौकटीतले आकडे पाठवतं, ज्याला जे२००० म्हणतात. ड्रायव्हर आजच्या तारखेचे आकडे समजून घेत असेल तर २०२५ साली फरक २१ कलांपर्यंत जातो. क्रांतिवृत्ताजवळ पूर्ण, त्यापासून दूर गेलं की कमी.

१००० मिमी नाभीय अंतर आणि एपीएस-सी सेन्सर असेल तर चौकट साधारण ८१ कला रुंद आणि ५४ कला उंच असते. २१ कलांनी वस्तू कडेला सरकते, पण दिसते. २००० मिमीवर ती चौकटीबाहेरच जाते आणि आपण गिअरबॉक्सवर संशय घेतो. स्टेलेरियममध्ये दुर्बिणीच्या नोंदीत ही चौकट निवडता येते. ड्रायव्हर जे मागतो तेच तिथे ठेवा, आणि बदल एकाच बाजूला करा. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती केलीत तर चूक उलट्या दिशेने परत येते.

याच टप्प्यावर फोटोवरून जागा ओळखणं, म्हणजे प्लेट सॉल्व्हिंग, शिकून घ्या. अ‍ॅस्टॅपसारखा प्रोग्राम एक लहान फोटो बघून दुर्बीण खरोखर कुठे आहे ते सांगतो, माउंटला सिंक करतो आणि पुन्हा स्लू करायला लावतो. दोन-तीन फेऱ्यांत चूक एका कलेच्या आत येते. सॉल्व्ह होतच नसेल तर बहुतेकदा नाभीय अंतराचा आकडा चुकीचा टाकलेला असतो. रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) लावला की तो बदलतो हे विसरायला होतं. पिक्सेलमागे किती विकला हे काढायचं तर पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६.२६५ ने गुणा आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरने भागा. ३.७६ मायक्रॉन आणि ५०० मिमीला १.५५ येतात.

याम्योत्तर ओलांडताना

जर्मन पद्धतीचं (काउंटरवेटच्या दांड्याचं) माउंट याम्योत्तराजवळ उलटावं, म्हणजे नळी दुसऱ्या बाजूला न्यावी लागतं, नाहीतर नळी तिवईला टेकते. ड्रायव्हरमधल्या मर्यादा त्यासाठीच असतात, आणि त्या गाठल्या की ट्रॅकिंग चुपचाप थांबतं. "अचानक तारे रेघा झाले" याचं कारण हे असू शकतं. मर्यादा काढून टाकू नका. नळी कुठपर्यंत सुरक्षित जाते ते जवळ उभं राहून, हात स्विचवर ठेवून बघा आणि तेवढ्याच ठेवा. उलटल्यावर नेम सरकत असेल तर नळी अक्षाला अचूक काटकोनात नसते हे त्याचं कारण. उलटल्यावर पुन्हा एकदा सॉल्व्ह करा, पुरे.

शेवटी यंत्र

वरचं सगळं ठीक असूनही नेम हुकत असेल तर चिकटपट्टीकडे वळा. होमवरून निघून दोन्ही अक्षांवर ९० अंश जा, दोन-तीनदा इकडे-तिकडे फिरवा आणि सॉफ्टवेअरनेच परत होमला आणा. सॉफ्टवेअर होम म्हणतंय आणि पट्टीचे तुकडे समोरासमोर नाहीत, तर क्लच, पट्टा किंवा गिअर घसरतोय. आधी क्लच आवळा, मग तोल नीट करा, नळीची पकड आणि मोटरच्या केबलचे प्लग तपासा. हे बाहेरून करता येतं.

इथे थांबा

खालीलपैकी काही झालं तर स्विच बंद करा आणि माउंट उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे किंवा दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या:

- जळका वास, बोर्डाजवळ चटका बसेल इतकी उष्णता, किंवा बदललेला फ्यूज पुन्हा उडाला.
- चुकीची केबल किंवा उलटी ध्रुवता लागली आणि त्यानंतर दिवा लागत नाही. पुन्हा पुन्हा वीज देऊन बघू नका.
- पुरवठा आणि क्लच ठीक असूनही एक अक्ष मृत आहे किंवा दात घासल्यासारखा कर्कश आवाज येतो.
- फर्मवेअर बदलताना मधेच अडकलं आणि सुरू करूनही माउंट ओळख देत नाही.
- पट्टीची तपासणी क्लच आवळूनही फसते. गिअरबॉक्स उघडला की वर्मची (गिअर फिरवणाऱ्या स्क्रूची) जुळणी बिघडते आणि हमी असेल तर तीही जाते.

देताना "चालत नाही" एवढंच सांगू नका. ड्रायव्हरची आवृत्ती, स्लू चालू असताना माउंटपाशी मोजलेलं व्होल्टेज, ड्रायव्हरच्या स्वतःच्या बटणांनी कुठला अक्ष हलतो आणि कुठला नाही, आणि पट्टीचे तुकडे किती मिलिमीटर सरकले, हे एका कागदावर लिहून माउंटसोबत द्या. अ‍ॅस्कॉमचा ट्रेस लॉग चालू करून दोष एकदा घडवून आणला असेल तर त्या दिवसाची फाइलही जोडा. आणि वीजपुरवठा आणि केबलही सोबत पाठवा. माउंट तिकडे ठणठणीत निघालं तर दोष त्यांच्यातच असणार.